बाईच्या छातीतली कळ

गोंदिया शहरात बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय आहे. पण बायकांचा दवाखाना म्हणजे बाळंतपणाचा, ही समजूत फार जुनी.

१८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय उघडलं, तेही स्त्रिया आणि मुलांसाठी. पुरुष डॉक्टरांसमोर संकोचणाऱ्या बायकांना दार मिळालं. मोठंच काम! हृदयविकार मात्र पुरुषांचंच दुखणं मानला गेला.

१९९१ मध्ये अमेरिकेत डॉ. बर्नाडिन हीली यांनी स्पष्ट लिहिलं: हृदयरोग पुरुषासारखाच असल्याचं सिद्ध झालं, तरच बाईला पुरुषासारखे उपचार मिळतात.

बाईच्याही छातीत कळ येते. सोबत धाप, मळमळ, जबडा-पाठदुखी पुरुषांपेक्षा अधिक आढळते. ‘पित्त झालं’ म्हणत ती ओवा चघळते, आधी स्वयंपाक उरकते. घरच्यांनो, तिला चुलीपासून उठवा, लगेच १०८ ला फोन लावा.