ओळखपडताळणी, अणुविद्युत् केंद्रांतील कामगारांची

अणुविद्युत् केंद्राच्या संरक्षित भागात प्रवेश करणारी व्यक्ती ही नोंदीत असलेलीच व्यक्ती आहे की नाही, हे तिच्या शरीरावरील विशिष्ट खुणांवरून ठरविण्याची पद्धती. बोटांचे ठसे, पंजाची ठेवण, डोळ्यातील परितारिकेची नक्षी आणि चेहरा या खुणा त्यासाठी मुख्यत्वे वापरतात. व्यवहारात या पद्धतीला बायोमेट्रिक पद्धती असे म्हणतात. तिचे हेतू दोन आहेत. अनधिकृत व्यक्तीस अणुभट्टीपर्यंत पोहोचू न देणे हा पहिला हेतू होय. प्रत्येक कामगाराच्या शरीराने ग्रहण केलेल्या प्रारणाची मात्रा त्याच्याच नावावर जमा होईल अशी खात्री करणे, हा दुसरा होय. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. कामगाराच्या दृष्टीने मात्र दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा आहे.

पूर्वपीठिका : शरीराच्या खुणेवरून ओळख पटविण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम भारतातील एका कंत्राटात आहे. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम जेम्स हर्शेल (१८३३–१९१७) या मुलकी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये रस्त्यासाठी खडी पुरविण्याचा करार राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी केला आणि त्यावर त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. सही आपली नव्हे असे ठेकेदाराने पुढे म्हणू नये, एवढाच त्यामागील उद्देश होता. फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) यांनी अंगुलिमुद्रांना शास्त्रीय बैठक दिली. कलकत्ता येथे एडवर्ड हेन्री (१८५०–१९३१) यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी मुद्रांच्या वर्गीकरणाची रीत सिद्ध केली आणि १८९७ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात ती अधिकृतपणे स्वीकारण्यात आली.

याच साधनाचा वापर पुढे दक्षिण आफ्रिकेत हिंदी मजूर व व्यापारी यांच्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी झाला. ट्रान्सव्हालमधील आशियाई लोकांना नोंदणी व बोटांचे ठसे देणे सक्तीचे करणाऱ्या कायद्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहॅनिसबर्ग येथे सभा झाली व तेथून सत्याग्रहाची चळवळ सुरू झाली. विशेष हे, की १९०८ च्या आरंभी तडजोड झाल्यावर महात्मा गांधींनी आपल्या दहाही बोटांचे ठसे स्वेच्छेने दिले. मात्र सरकारने शब्द पाळला नाही असे दिसताच त्याच वर्षी १६ ऑगस्टला नोंदणीपत्रांची होळी करण्यात आली. आक्षेप ठशाला नसून सक्तीला आणि तीमागील अविश्वासाला होता. हा भेद आजही विसरण्यासारखा नाही.

गिरणीतील हजेरी : महाराष्ट्रातील कारखान्यांत कामगाराची ओळख दीर्घकाळ हजेरीपट, बिल्ला आणि अंगठा यांवर भागत असे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (स्थापना १८७७) गैरहजेरी हाच व्यवस्थापनापुढील मोठा प्रश्न होता व नियमित येणाऱ्यांस बक्षिसे देऊन तो सोडविण्याचा प्रयत्न झाला. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार न आल्यास त्याच्या जागी ‘बदली’ कामगार घेत. त्याची निवड जॉबरच्या हाती असल्याने वशिला व लाचलुचपत यांना वाव मिळे. म्हणून १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना सुरू करून अशा कामगारांना ओळखपत्रे दिली. एका माणसाच्या जागी दुसरा उभा राहिला तरी मागाला त्याचे सोयरसुतक नसे; बिघडलाच तर मजुरीचा हिशेब बिघडे.

अणुविद्युत् केंद्रात ही बदली निरुपद्रवी राहत नाही. प्रारणाची मात्रा संचयी असते. आज घेतलेल्या मात्रेत पूर्वीच्या सर्व मात्रा मिळवाव्या लागतात. एकाच्या बिल्ल्यावर दुसऱ्याने काम केल्यास एकाची नोंद फुगते व दुसऱ्याच्या शरीराने घेतलेली मात्रा कोठेच लिहिली जात नाही. पुढे दुखणे उद्भवल्यास भरपाई मागण्यास त्याच्याजवळ पुरावाही उरत नाही.

तारापूर व मात्रानोंद : भारतातील पहिले अणुविद्युत् केंद्र तारापूर (तत्कालीन ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथे ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाले. त्यातील पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत. या प्रकारात भट्टीत तयार झालेली वाफ सरळ टरबाइनकडे जाते. त्यामुळे किरणोत्सर्गापासूनची खबरदारी टरबाइनच्या बाजूसही घ्यावी लागते. इंधन बदलण्यासाठी व दुरुस्तीसाठी भट्टी बंद ठेवली म्हणजे थोड्या काळात पुष्कळ माणसे लागतात. ती बहुधा ठेकेदारांमार्फत येतात आणि काम संपताच पांगतात. ओळखीचा प्रश्न येथेच सर्वांत बिकट होतो.

कामगाराच्या छातीवर लावलेला बिल्ला त्याला मिळालेली मात्रा मोजतो. आरंभी त्यासाठी छायाचित्रणाची फिल्म वापरीत. १९७५ पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने डिस्प्रोशियमयुक्त कॅल्शियम सल्फेटच्या चकत्यांचा बिल्ला प्रचारात आणला. या चकत्या तापविल्या असता शोषलेल्या प्रारणाच्या प्रमाणात प्रकाश देतात. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाने व्यावसायिक मात्रेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट अशी घातली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाच्या मूलभूत सुरक्षा मानकांनुसार ही नोंद कामगाराच्या वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत, आणि काम सुटल्यानंतर निदान ३० वर्षे, जपून ठेवावयाची असते. ठेकेदार बदलला, गाव बदलले, नावाचे स्पेलिंग बदलले, तरी एवढा काळ टिकेल अशी खूण शरीराचीच असू शकते.

तंत्राचा विकास : पंजाची लांबी, रुंदी व जाडी मोजणारी यंत्रे अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आली. तेथील अणुकेंद्रांच्या भौतिक संरक्षणाचे सविस्तर नियम १९७७ मध्ये लागू झाले, तर १९८६ च्या कायद्याने सोबतीशिवाय आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगुलिमुद्रा गुन्हेगारी नोंदींशी ताडून पाहणे बंधनकारक केले. सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९१ मध्ये विविध यंत्रांची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. त्यानंतर पंजामापक यंत्रे अनेक अमेरिकी अणुकेंद्रांच्या दारांशी बसविण्यात आली. जॉन डॉगमन यांनी परितारिका ओळखण्याची गणिती रीत याच दशकात सिद्ध केली.

ही यंत्रे शरीराचे चित्र साठवीत नाहीत. त्यातून काढलेला अंकसंच साठवितात. पंजामापक यंत्र नव्वदांहून अधिक मापे घेऊन ती अवघ्या नऊ बाइटांत साठविते. कामगार आपले ओळखपत्र दाखवितो व यंत्र त्याच्या पंजाची तुलना त्याच एका नोंदीशी करते. यंत्राच्या चुका दोन प्रकारच्या असतात : परक्यास आत घेणे व आपल्यास अडविणे. एक चूक कमी करू गेल्यास दुसरी वाढते. अणुकेंद्रात पहिली चूक टाळण्याकडे कल असणे स्वाभाविक आहे. तिची किंमत मात्र दाराशी खोळंबलेला कामगार देतो.

कष्टकऱ्याच्या हाताचा प्रश्न स्वतंत्रच आहे. सिमेंट, चुना व अवजारे यांनी बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. नियंत्रित क्षेत्रात हातमोजे घालावे लागतात, तसेच अनेकांनी स्पर्श केलेल्या पट्टीवरून किरणोत्सर्गी मळ पसरण्याचीही शक्यता असते. म्हणून ओळखयंत्र स्वच्छ भागात ठेवणे व बाहेर पडताना हातापायांची तपासणी करणे इष्ट ठरते. स्पर्शाविना चालणारी परितारिका व चेहरा यांची यंत्रे या दृष्टीने सोयीची आहेत.

मर्यादा : यंत्र माणूस ओळखते, त्याचा हेतू ओळखत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील कैगा केंद्रात नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या शीतकात ट्रिशियमयुक्त जड पाणी मिसळल्याचे उघडकीस आले. पन्नासाहून अधिक कामगारांच्या शरीरात ट्रिशियम गेले होते. हे कृत्य कोणीतरी मुद्दाम केले, असे तत्कालीन अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी सांगितले. हा प्रकार दारावरील पहाऱ्याने नव्हे, तर कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीने लक्षात आला. 

जपानमधील फुकुशिमा दाइइची येथे मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर सुमारे ५,००० मात्रामापकांपैकी ३२० च वापरण्याजोगे उरले व काही दिवस एका गटास एकच मापक देण्यात आला. मापक दिल्याच्या नोंदी हाताने लिहिलेल्या होत्या. त्यांतील कित्येक उपकंत्राटी कामगारांचा पुढे माग लागला नाही. तेथेच एका उपकंत्राटदाराने मापकावर शिशाचे आवरण घालण्यास कामगारांना सांगितल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. मात्रा मर्यादेपर्यंत पोहोचली की काम थांबते आणि रोजंदारीवरील माणसाची मजुरीही थांबते. अशा वेळी नोंद टाळण्याचा मोह ठेकेदाराला होतो तसा कामगारालाही होतो. ओळख बिनचूक असली, तरी हा मोह तिने नाहीसा होत नाही. मर्यादा गाठलेल्या कामगारास पर्यायी काम व वेतन मिळाले, तरच तो कमी होतो.

कामगारांचे हक्क : महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे, २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिला आधार क्रमांक देण्यात आला व शरीराच्या खुणांची नोंद सर्वसामान्यांच्या व्यवहारात आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि २०१८ मध्ये आधारच्या वापरावर मर्यादा घातल्या. २०२३ मध्ये संमत झालेल्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात मात्र नोकरीविषयक काही कारणांसाठी संमतीशिवाय विदा वापरण्याची मुभा आहे. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांना स्थान दर्शविणारी मनगटी घड्याळे दिली, तेव्हा त्यांनी विरोध केला. पाळत आणि ओळख या एकच गोष्टी नाहीत, हे त्या विरोधाचे सार होते.

बुटीबोरीसारख्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्याच्या दाराशी उमटलेला अंगठा मुख्यतः मजुरीचा हिशेब ठेवतो. अणुकेंद्राच्या दाराशी उमटलेला ठसा कामगाराच्या आयुष्याचा हिशेब ठेवू शकतो. त्यासाठी ती नोंद ठेकेदाराच्या कपाटात न राहता केंद्रीय दप्तरात राहिली पाहिजे, तिची प्रत कामगाराला मागताक्षणी मिळाली पाहिजे आणि ती त्याला समजेल अशा भाषेत असली पाहिजे. हर्शेलने पंजाचा ठसा घेतला तो ठेकेदाराने शब्द फिरवू नये म्हणून. अणुकेंद्रात घेतलेला ठसा मालकालाही शब्द फिरवू देणार नाही, अशी व्यवस्था झाल्यासच ही पद्धती उभयपक्षी न्याय्य ठरेल.