तसबिरीमागचा कॅमेरा

इंदिरानगरातल्या आपल्या कोणत्याही घरात जा, समोरच्या भिंतीवर दोन तसबिरी हमखास दिसतात. एक तथागतांची, दुसरी बाबासाहेबांची. दोन्हींपुढे आपण सारखेच हात जोडतो. पण इतिहासाच्या नजरेने पाहिले तर दोन्हींत मोठा फरक आहे. तथागतांचा चेहरा समोर बसून कोणी काढलेला नाही. महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके त्यांना मनुष्यरूपात दाखवत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे हीच त्यांची खूण असे. आपल्या जवळच्या त्रिरश्मी लेण्यांतही, म्हणजे पांडवलेण्यात, आधी स्तूप कोरला गेला आणि बुद्धमूर्ती पुढच्या काळात आल्या. बाबासाहेबांचा चेहरा मात्र जसा होता तसा आपल्याला मिळाला. तो कॅमेऱ्याने दिला. हा कॅमेरा कोणाच्या हातात होता आणि कोणासाठी चालत होता, हे आपल्या मुलाबाळांना माहीत असावे म्हणून हा लेख.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत मुंबईला पोहोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे जाणते छायाचित्रकार होते. पुढे लाला दीनदयाळ यांचे नाव झाले. हैदराबादचे निजाम, संस्थानिक, व्हाइसरॉय असे सगळे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. १८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. खुर्ची नक्षीची, अंगावर दागिने, हात तलवारीच्या मुठीवर आणि फोटोखाली नाव व किताब. फोटो म्हणजे सत्तेची निशाणीच होती.

त्याच काळात गोरगरिबांचेही फोटो निघत होते, पण कसे? १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात हिंदुस्थानातल्या जाती-जमातींच्या लोकांचे फोटो आहेत. बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही, जातीचे किंवा जमातीचे आहे. म्हणजे राजाचा फोटो काढला तर ती तसबीर, आणि गरिबाचा काढला तर तो नमुना! कॅमेरा तोच, पण नजर दोन प्रकारची.

आता बाबासाहेबांचे फोटो या पार्श्वभूमीवर पाहा. कोलंबिया आणि लंडनच्या शिक्षणाच्या काळातले फोटो, बॅरिस्टरच्या वेशातले, १९३० आणि १९३१ च्या गोलमेज परिषदेतले. ज्या समाजाला व्यवस्थेने नावाने नव्हे तर जातीने ओळखले, त्या समाजातला माणूस येथे कोट-टाय घालून, ताठ मानेने, थेट भिंगात पाहतो आहे. फोटोखाली त्याचे नाव आहे आणि नावामागे पदव्या आहेत. बाबासाहेब पोशाखाबाबत किती काटेकोर होते ते सर्वांना ठाऊक आहे. तो नुसता हौसेचा भाग नव्हता असे माझे मत आहे.

फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहावरचा फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, थोरल्या भावजय लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि पायाशी टॉबी कुत्रा. त्यानंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. तो क्षण कोणी टिपला नसता तर त्या भरल्या घराचे रूप आपण कुठे पाहिले असते?

आजच्या मुलांना वाटेल, फोटो काढणे त्यात काय अवघड. पण फिल्मचा जमाना वेगळा होता. स्टुडिओत लाकडी स्टँडवरचा मोठा कॅमेरा असायचा. काळ्या कापडात डोके घालून छायाचित्रकार काचेवर उलटे चित्र पाहायचा, मग "हलू नका" म्हणायचा. एका प्लेटवर एकच फोटो. पुढे रोलाइफ्लेक्ससारखे कॅमेरे आले तरी एका रोलवर फोटो बाराच. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला. आणि रोल अंधाऱ्या खोलीत धुऊन होईपर्यंत फोटो आला की गेला याचा पत्ता नसे. मोठा माणूस पुन्हा वेळ देईलच याचा भरवसा काय?

याचे एक उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. १९४६ साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाच्या छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याबरोबरचा फोटो काढायला आल्या. तेव्हा त्यांना आधी चरखा शिकायला लावले आणि फ्लॅशचे बल्ब फक्त तीन वापरू दिले. पहिले दोन प्रयत्न वाया गेले, तिसरा साधला. याच बाईंनी त्याच वर्षी बाबासाहेबांचेही फोटो काढले. जगाच्या नकाशावर आपला नेता ज्यांच्यामुळे दिसला, त्यांत हे नाव आठवणीत ठेवावे असे आहे.

आपल्या देशातल्या होमाई व्यारावाला यांचे नावही तितकेच मोलाचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेली ही पारशी बाई भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार मानली जाते. सत्तेच्या दालनात पुरुष छायाचित्रकारांच्या गर्दीत त्या साडी नेसून, जड कॅमेरा सांभाळत काम करायच्या. बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली दलाई लामा सिक्कीममार्गे भारतात आले तेव्हाचे फोटो त्यांचे आहेत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१२ मध्ये त्या वारल्या.

त्याच १९५६ साली, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. त्यातले बाबासाहेब फोटोत थकलेले दिसतात, हातात काठी असते, पण चेहऱ्यावर समाधान असते. दोन महिन्यांच्या आत ६ डिसेंबर उजाडला. मुंबईतल्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्या दिवशीच्या जनसागराची रिळे एका माणसाच्या तळमळीमुळे राहिली.

आता आपल्या नाशिकचा मान सांगतो. बाबासाहेबांचे टपाल तिकीट १४ एप्रिल १९६६ रोजी निघाले, किंमत १५ पैसे. ते छापले गेले नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. ज्या जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचे दार आपल्यासाठी बंद झाले, त्याच जिल्ह्यातून छत्तीस वर्षांनी हा चेहरा सरकारी शिक्क्यानिशी देशभर गेला!

पुढे १९६७ साली संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा उभा राहिला आणि १२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले. आज गावोगाव पुतळे घडतात, कॅलेंडरे छापली जातात, तेव्हा कारागिराला आधार असतो तो जुन्या फोटोंचा. हे जुने फोटो बहुतेक काळे-पांढरे आहेत. कोटाचा तो निळा रंग नंतर चित्रकारांनी आणि छापणाऱ्यांनी भरला. झेंड्याचा रंग लोकांनी आपल्या बापाच्या अंगावर पाहिला, यात नवल नाही.

पण एक खंत आहे. या बहुतेक फोटोंखाली फोटो काढणाऱ्याचे नाव नसते. आणि दुसरी खंत त्याहून मोठी. काळाराम सत्याग्रहात हजारो बायाबापडे उतरले. दादासाहेब गायकवाडांचा चेहरा आपण ओळखतो, बाकीच्यांपैकी किती जणांचे चेहरे आपल्याला ठाऊक आहेत? कॅमेरा तेव्हा पैसेवाल्यांकडे होता. आपल्या घरांत तो उशिरा आला. कोणाकडे आग्फा क्लिक, कोणाकडे स्टुडिओतला लग्नाचा जोडफोटो. हा ठेवा मात्र आपल्या हातात आहे.

तेव्हा एवढे करा. जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलने हलक्या हाताने नाव, गाव, साल लिहा. रंगीत फोटो लवकर विटतात, त्यांची प्रत आधी काढून घ्या. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, काचेसकटच त्याचा फोटो घ्या. निगेटिव्ह फेकू नका, कागदी पाकिटात घालून पावसाळी ओलीपासून दूर ठेवा. मोबाइलमध्ये फोटो घेतला म्हणून मूळ फोटो रद्दीत देऊ नका.

आणि वर्षावासात एखाद्या रविवारी सगळ्यांनी आपापले जुने फोटो विहारात आणावेत. म्हाताऱ्या माणसांना चष्मा लावून बसवावे आणि विचारावे, आजी, ही कोण? बाबा, हा कोण? ते सांगतील ते तरुणांनी लगेच लिहून घ्यावे. ज्यांचे नाव कधी फोटोखाली आले नाही, त्यांचे नाव लिहिण्याचे काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

जय भीम.