विशेष मुलांसाठी विमा: मेडिक्लेम जिथे थांबतो, तिथून पुढे काय?

फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी. घरात विशेष मूल असेल तर महिन्याच्या हिशोबात हे शब्द किराणा आणि लाइट बिलाच्या शेजारीच असतात. आणि नेमक्या याच खर्चाला घरातला नेहमीचा मेडिक्लेम सहसा हात लावत नाही. कारण साधं आहे. बहुतेक पॉलिसी किमान २४ तास हॉस्पिटलमध्ये दाखल झाल्यावर पैसे देतात. आठवड्यातून तीनदा पाऊण तासासाठी थेरपी सेंटरला जाणारं मूल त्या अटीत बसत नाही.

पालकांपुढचा दुसरा प्रश्न याहून मोठा असतो: आमच्यानंतर काय? त्यासाठी अनेक जण आयुर्विमा काढतात, नॉमिनी म्हणून मुलाचं नाव लिहितात आणि निर्धास्त होतात. तिथेही एक अडचण आहे. या दोन्ही प्रश्नांवर सध्या काय काय उपलब्ध आहे, ते पाहूया.

सुरुवात कुठून करायची?

यूडीआयडी कार्डापासून. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि हे कार्ड यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर एकत्रच अर्ज करता येतो. तपासणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. 'मुलावर शिक्का बसेल' म्हणून काही घरांत हे काम वर्षानुवर्षं टाळलं जातं. भावना समजण्यासारखी आहे, पण पुढची जवळजवळ प्रत्येक खिडकी हाच कागद मागते.

निरामय योजना काय देते?

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, ही संस्था स्थापन झाली. 'निरामय' ही तिचीच आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही आणि विमा काढण्याआधी वैद्यकीय तपासणीही नाही.

मुख्य म्हणजे इथे ओपीडी, नियमित थेरपी, औषधं आणि तपासण्या यांचाही खर्च मिळतो. म्हणजे मेडिक्लेम जिथे हात वर करतो, तिथेच ही योजना उपयोगी पडते. फी वर्षाला काही शे रुपयांच्या घरात आहे, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना आणखी कमी. अर्ज ऑनलाइन किंवा न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करता येतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांना प्रमाणपत्र बहुधा बौद्धिक अक्षमतेखाली मिळतं, त्यामुळे तीही यात येतात. फक्त श्रवणदोष किंवा फक्त दृष्टिदोष असलेलं मूल मात्र यात बसत नाही.

आता मर्यादा. १ लाख ही एकूण रक्कम आहे. आत थेरपी, ओपीडी, शस्त्रक्रिया अशा प्रत्येक खर्चाची वेगळी मर्यादा आहे, आणि थेरपीची मर्यादा १ लाखापेक्षा खूप कमी आहे. एका सेशनचे ६०० रुपये धरा, आठवड्याला तीन सेशन. वर्षाचे झाले ९३,६०० रुपये, तेही एकाच थेरपीचे. त्यामुळे निरामय पूर्ण खर्च उचलेल अशी अपेक्षा ठेवू नका. पण एवढ्या कमी फीमध्ये थेरपीची बिलं स्वीकारणारी दुसरी योजना सहज सापडणार नाही, हेही तितकंच खरं.

शिवाय पैसे आधी खिशातून भरावे लागतात, नंतर परत मिळतात. पॉलिसीचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं आणि नूतनीकरण आपोआप होत नाही. थेरपिस्टचं साध्या चिठ्ठीवरचं बिल घेऊ नका. नाव, सही, नोंदणी क्रमांक आणि सेशनच्या तारखा असलेलं बिल पहिल्या दिवसापासून मागा.

खासगी कंपन्या विमा नाकारू शकतात का?

आधी सर्रास नाकारायच्या. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका दिव्यांग अर्जदाराच्या प्रकरणात इर्डाला दिव्यांगांसाठी विमा योजना तयार करून घेण्याचे निर्देश दिले. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये इर्डाने परिपत्रक काढून प्रत्येक सर्वसाधारण आणि आरोग्य विमा कंपनीला दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं. म्हणजे 'आमच्याकडे अशी पॉलिसीच नाही' हे उत्तर आता चालत नाही. या पॉलिसींमध्ये प्रतीक्षा कालावधी असतो, काहींमध्ये बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागतो. सही करण्याआधी या दोन ओळी शोधून वाचा.

कधी कधी एजंट सुचवतो, 'ऑटिझमचं कशाला लिहायचं, प्रीमियम वाढेल.' हा सल्ला ऐकू नका. फॉर्ममध्ये माहिती लपवली, हे क्लेम नाकारायला कंपनीला पुरेसं कारण असतं.

नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरला एकच प्रश्न विचारा: दिव्यांग मुलाला वयाची मर्यादा आहे का? साधारण २५ व्या वर्षी मुलाचं नाव पॉलिसीतून निघतं, पण काही पॉलिसींमध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलासाठी ही अट शिथिल असते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएसमध्ये आणि ईएसआयमध्ये तर पूर्णपणे अवलंबून असलेल्या अशा मुलासाठी वयोमर्यादाच नाही.

महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ती प्रामुख्याने शस्त्रक्रिया आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, रोजच्या थेरपीसाठी नाही. लहान मुलांच्या थेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते.

आमच्यानंतर काय?

आयुर्विम्याचे पैसे मुलापर्यंत पोहोचतील का, याचं उत्तर पॉलिसीपेक्षा मुलाच्या वयावर जास्त अवलंबून आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान होतं आणि आई-वडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं. मुलाला सही करता येत नसली, व्यवहार कळत नसला तरीही. अशा मुलाच्या नावाने ५० लाखांचा क्लेम मंजूर झाला, तरी खात्यातून ते पैसे काढायचे कोणी? बँक विचारते, 'कायदेशीर पालक कोण?' आणि घरात उत्तर नसतं.

वर सांगितलेल्या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास कायद्यात यावर तोडगा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. आई-वडील स्वतःच अर्ज करू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँका हे पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशोब द्यावा लागतो, गैरव्यवहार केला तर त्याला हटवताही येतं. 'बहीण बघेल की' असं अनेक घरांत गृहीत धरलेलं असतं. बहिणीला कोणी विचारलेलं नसतं, आणि विचारलं असलं तरी तिच्या हातात कागद नसतो. मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर लगेच स्वतःच्या नावाने पालकत्व घ्या, आणि आपल्यानंतर कोण, हे मृत्युपत्रात लिहून ठेवा.

मृत्युपत्र नसेल तर? हिंदू वारसा कायद्यात आजार किंवा व्यंगामुळे कोणाचाही हक्क जात नाही, मुलाला वाटा मिळतोच. पण तो वाटा सांभाळणार कोण, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो. ज्यांच्याकडे घर किंवा मोठी रक्कम आहे, त्यांनी भारतीय न्यास कायदा, १८८२ खाली खासगी ट्रस्ट करण्याबद्दल वकिलाशी बोलावं. विम्याचे पैसे थेट ट्रस्टकडे जातील आणि ट्रस्ट मुलाचा खर्च भागवेल, अशी सोय करता येते.

आणखी एक मार्ग म्हणजे विवाहित स्त्री मालमत्ता कायदा, १८७४. विवाहित पुरुषाने या कायद्याखाली पत्नी-मुलांच्या नावे टर्म पॉलिसी घेतली, तर तिच्या रकमेवर त्याच्या सावकारांना किंवा बँकेला हक्क सांगता येत नाही. धंद्यासाठी कर्ज काढलेल्यांनी हे जरूर पाहावं. अट एकच: हा पर्याय पॉलिसी घेतानाच निवडावा लागतो, नंतर जोडता येत नाही.

पेन्शन आणि करसवलत

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मुलाचं नाव पेन्शनच्या कागदांवर आपल्या हयातीतच लावून घ्या, मागे राहिलेल्यांची धावपळ वाचते. खासगी नोकरीत ईपीएफ असलेल्यांसाठीही तरतूद आहे: सदस्याच्या मृत्यूनंतर कायमचं आणि पूर्ण दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ईपीएस-९५ मधून पेन्शन मिळते, तिला २५ वर्षांची मर्यादा लागू नाही. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो.

आयकरात अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी, म्हणजेच ८०डीडी या नावाने ओळखली जाणारी वजावट ७५,००० रुपये आहे. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. प्रत्यक्ष खर्च किती झाला याच्याशी तिचा संबंध नाही. मात्र ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, त्यामुळे नवी प्रणाली निवडण्याआधी दोन्ही हिशोब करून बघा.

क्लेम नाकारला तर?

नकाराचं कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, मग इर्डाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करता येते. तरीही दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. दिव्यांगत्वामुळे भेदभाव झाला असं वाटत असेल, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडेही लेखी तक्रार देता येते.