किशोरवयीन स्थूलतेची मोजपट्टी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
किशोरवयीन मुलामुलींमध्ये स्थूलता वाढत असल्याचे विविध पाहण्यांतून दिसून येते. ही वाढ खरी आहे. तथापि, ती मोजण्याची पट्टी वेळोवेळी बदलत गेली आहे. प्रस्तुत लेखात या मोजपट्टीच्या इतिहासाचा आढावा घेतला आहे.

मोजपट्टीचा प्रवास :
प्रौढांचे वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात दाखविले. त्यांना शोध होता 'सरासरी माणसा'चा, स्थूलतेचा नव्हे. या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. वाढीच्या वयात मात्र हा निर्देशांक वयानुसार बदलत असल्याने प्रौढांची सीमारेषा मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून २००० मध्ये टिम कोल व सहकाऱ्यांनी सहा ठिकाणच्या आकडेवारीवरून मुलांसाठी आंतरराष्ट्रीय सीमारेषा सुचविल्या. त्यांत भारत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेचे ५ ते १९ वयोगटासाठीचे २००७ चे संदर्भमानही मुख्यत्वे जुन्या अमेरिकन आकडेवारीवर आधारलेले होते.

भारतीय संदर्भ :
पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा निर्देशांक २२.३ होता, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचा २१.२ टक्के होता. दिसायला सडपातळ भारतीय देहात मेद अधिक असू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रौढांच्या २३ व २७ या निर्देशांकांशी समतुल्य, म्हणजे तुलनेने खालच्या, सीमारेषा स्वीकारल्या. याउलट २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणाने जागतिक संदर्भमान वापरले. त्यानुसार १० ते १९ वयोगटात २४ टक्के कृश व ५ टक्के अतिवजनी आढळले. भारतीय सीमारेषा लावल्यास यांतील दुसरा आकडा वाढेल.

निष्कर्ष :
भिन्न सीमारेषांवर आधारलेल्या पाहण्या एकमेकींशेजारी ठेवल्यास मुलांच्या देहातील बदल कोणता आणि पट्टीतील बदल कोणता, हे वेगळे करता येत नाही. यास्तव महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत केवळ टक्केवारी न नोंदविता प्रत्येकाचे वय, लिंग, उंची व वजन जतन करणे आवश्यक आहे. उद्या पट्टी पुन्हा बदलली तरी या मूळ नोंदी नव्याने तपासता येतील.