पडणाऱ्या माणसांची नावं

१९०३ साली एडिसन कंपनीसाठी एडविन पोर्टर यांनी ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा छोटेखानी मूकपट तयार केला. अमेरिकी वेस्टर्न चित्रपटांचा पूर्वज म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. गंमत म्हणजे त्याचं चित्रण पश्चिमेत झालंच नाही. ते झालं पूर्वेकडच्या न्यू जर्सी परिसरात. त्यात धावत्या गाडीवर दरोडेखोर आणि रेल्वेचा एक कामगार यांची झटापट होते आणि हरलेल्या कामगाराला खाली फेकून दिलं जातं. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की फेकला गेलाय तो बाहुला. कॅमेरा मध्येच थांबवून माणसाच्या जागी तो ठेवला होता. पुढच्या काही वर्षांत या बाहुल्याची जागा जिवंत माणसांनी घेतली. ती माणसं कोण होती, आणि पडद्यावर त्यांची नावं का आली नाहीत, हे या लेखात पाहायचं आहे.

यातली बहुतेक माणसं नट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काटेरी तारांच्या कुंपणांनी खुली कुरणं तुकड्यातुकड्यांत वाटली गेली. रेल्वेचे फाटे सर्वत्र पोचले. हजारो गुरं शेकडो मैल हाकत नेण्याचं काउबॉयचं काम आटलं. हातातलं कसब शिल्लक राहिलं, पण त्याला गिऱ्हाईक उरलं नाही. ते मिळालं सर्कशीसारख्या फिरत्या ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांत. ओक्लाहोमातल्या मिलर बंधूंचा ‘१०१ रँच’ हा त्यांतला एक मोठा खेळ. धावत्या घोड्यावरून बैलावर झेप घेऊन त्याची शिंगं पिरगाळून त्याला लोळवणारा कृष्णवर्णीय काउबॉय बिल पिकेट याच खेळात नावारूपाला आला. १९११च्या हिवाळ्यात हा काफिला कॅलिफोर्नियात मुक्कामाला होता. एका चित्रपट कंपनीने तो घोड्यांसकट भाड्याने घेतला, आणि दिग्दर्शक थॉमस इन्स यांनी सांता मोनिकाजवळच्या डोंगरात त्याच्या जोरावर वेस्टर्नपटांचा धडाका लावला. त्या जागेला पुढे ‘इन्सव्हिल’ म्हणू लागले.

इन्सव्हिलच्या त्या तळावर तंबू ठोकून राहणारे लकोटा जमातीचे लोकही होते. ते दक्षिण डकोटातल्या पाइन रिजहून आले होते. त्याच पाइन रिजच्या वूंडेड नी इथे १८९०मध्ये अमेरिकी फौजेने लकोटांचं हत्याकांड केलं होतं. त्याला पुरती पंचवीस वर्षंही झाली नव्हती. १९१२च्या ‘कस्टर्स लास्ट फाइट’मध्ये या मंडळींनी लिटल बिगहॉर्नची लढाई कॅमेऱ्यापुढे उभी केली. ही लढाई १८७६मध्ये त्यांच्याच वाडवडिलांनी जिंकली होती. पण चित्रपटाचा नायक ठरला तो हरलेला कस्टर. घोड्यावरून पडायचं कसं हे लकोटांना शिकवावं लागलं नाही. कुणाच्या गोष्टीत पडायचं, हे मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

पहिल्या महायुद्धानंतर हॉलिवूडमध्ये सनसेट बुलेवार्ड आणि गोवर स्ट्रीट यांचा चौक म्हणजे या घोडेस्वारांचा नाका झाला. आपल्याकडे बांधकामाचे मजूर सकाळी नाक्यावर उभे राहतात, तसे हे लोक टोप, बूट घालून, कधी खोगीर सोबत घेऊन तिथे थांबत. रोज मिळे साधारण पाच डॉलर. पडायचं असेल तर वर काही जास्त. या नाक्याला ‘गोवर गल्च’ हे नाव पडलं. या लोकांचा इतिहास लिहिला तो त्यांच्यातल्याच एकाच्या मुलीने. मूकपटांच्या काळात ‘बेबी पेगी’ या नावाने गाजलेली बालतारका म्हणजे पुढच्या लेखिका डायना सेरा केरी. तिचे वडील जॅक माँटगोमेरी काउबॉय होते आणि टॉम मिक्सच्या जागी पडद्यावर घोडा फेकत. मुलीचं नाव देशभर झालं, वडिलांचं नाव नामावलीत आलं नाही. १९७५च्या ‘द हॉलिवूड पॉसी’ या पुस्तकात तिने या मंडळींची कहाणी सांगितली.

बायकाही यात होत्या. हेलन गिब्सन ही अमेरिकेतली पहिली व्यावसायिक स्टंटबाई मानली जाते. भरधाव घोड्यावरून वाकून जमिनीवरचा रुमाल उचलायला ती १०१ रँचमध्येच शिकली. ‘द हॅजर्ड्‌स ऑफ हेलन’ या रेल्वेवरच्या चित्रमालिकेत तिला स्टेशनच्या छपरावरून धावत्या गाडीच्या टपावर उडी मारायची होती. आधी अंतर मोजलं, उभ्या गाडीवर सराव झाला. प्रत्यक्ष उडी बरोबर पडली, पण गाडीच्या वेगाने ती घरंगळत टपाच्या कडेला गेली आणि हवेच्या झडपेला धरून लटकली. प्रेक्षकांना ते पाहून अधिकच थरार वाटला. अशा अमेरिकी चित्रमालिकांवर पोसलेल्या जे. बी. एच. वाडियांनी १९३५मध्ये मुंबईत ‘हंटरवाली’ काढला आणि आपल्या देमारपटांना नादिया मिळाली.

या सगळ्या परंपरेचा कळस म्हणजे याकिमा कनट. पेंडलटनच्या रोडिओत विजेतेपदं मिळवलेला हा गडी विसाच्या दशकात मूकपटांचा नायक होता. पण नौदलात असताना झालेल्या तापाने त्याचा आवाज बसला होता. बोलपट आले आणि त्याचं नायकपद संपलं. मग तो दुसऱ्यांच्या जागी पडू लागला. जॉन फोर्डच्या ‘स्टेजकोच’मध्ये (१९३९) अपाची योद्धा धावत्या बग्गीच्या पुढच्या घोड्यावर झेपावतो, नायक त्याला गोळी घालतो, तो घोड्यांच्या मधल्या दांडीला लटकत फरफटतो आणि मग हात सोडतो. घोड्यांच्या तीन जोड्या आणि अख्खी बग्गी त्याच्या अंगावरून जाते. हा अपाची म्हणजे कनट. थोड्या वेळाने सुटलेले लगाम धरायला नायक जॉन वेन घोड्यांवरून उड्या मारत पुढे जातो. तोही कनटच! गोळी खाणाराही तोच आणि गोळी घालणाऱ्याचा बदलीही तोच. नामावलीत तो कुठेच नाही.

यात बेफिकिरी नव्हती, हिशेब होता. घोडे हळू धावले तर आडवेतिडवे होतात, सुसाट धावले तर सरळ रेषेत राहतात. म्हणून त्याला ते वेगात हवे होते. पडताना पाय अडकू नये म्हणून एका बाजूने उघडी रिकीब त्याने वापरात आणली. ठोसा न लागता तो लागल्यासारखा दिसावा, यासाठी कॅमेऱ्याचा कोन धरून मारामारीची पद्धत त्याने जॉन वेनबरोबर बसवली.

घोड्यांचं मात्र कुणी ऐकलं नाही. त्यांच्या पुढच्या पायांना तारा बांधून, त्या तंगाच्या कडीतून ओवून दुसरं टोक जमिनीत पुरत. तार संपली की घोडा तोंडावर आपटे. १९३९च्या ‘जेसी जेम्स’मध्ये कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, तेव्हा कुठे ओरड झाली आणि प्राणिमित्र संस्थेची चित्रीकरणावर देखरेख सुरू झाली. माणसांसाठी एवढीही ओरड झाली नाही. १९५८मध्ये फोर्डच्याच ‘द हॉर्स सोल्जर्स’साठी घोड्यावरून पडताना फ्रेड केनेडी हा मुरलेला स्टंटमन मान मोडून दगावला. स्टंटमनांची संघटना उभी राहिली ती १९६१मध्ये.

कनटला पुढे मानद ऑस्कर मिळालं. त्यात त्याच्या धाडसाबरोबरच इतरांचे जीव वाचवणाऱ्या साधनांचाही उल्लेख होता. स्टंटच्या आखणीसाठी स्वतंत्र पुरस्कार देण्याचं अकादमीने ठरवलं ते २०२५मध्ये. तो पहिल्यांदा दिला जाईल २०२८च्या सोहळ्यात. गोवर गल्चच्या नाक्यावर उभं राहणाऱ्यांपैकी तोवर कुणी उरलेलं नसेल.

‘स्टेजकोच’मधला तो प्रसंग पाहायला मिळाला तर बग्गी निघून गेल्यावर लगेच नजर हलवू नका. मागे धुळीत पडलेला देह किंचित हलतो, उठू पाहतो. तो बाहुला नव्हता.