जुना कर्नल कधी काढायचा?

मंडळी, आपण भोईवाड्यात जमलोय, तर सुरुवात भोयांपासूनच करू. पालखीचा खांदा बदलताना नवा भोई दांडीखाली आल्याशिवाय जुना बाजूला होत नाही. लिनक्सही हेच शिकत आलं.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने कर्नल प्रसिद्ध केला. १९९३ मध्ये इयन मरडॉकने डेबियन सुरू केलं. तिथे प्रत्येक पॅकेज आपल्याला काय लागतं, कोणाशी जमत नाही, हे सांगू लागलं. १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ‘ॲप्ट’ आलं. ती नोंद वाचून लागणारी सगळी पॅकेजेस एका आज्ञेत आणणं सोपं झालं.

कर्नलची गोष्ट जरा वेगळी. डेबियनमध्ये त्याच्या पॅकेजच्या नावातच आवृत्ती असते, म्हणून नवा आला तरी जुना शेजारी राहतो. भांडण लागतं ते बहुधा बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरशी. तो नव्या कर्नलच्या हेडर फाइली घेऊन पुन्हा बांधावा लागतो. तिथे अडलं की आपण वैतागतो, जबरदस्ती करतो, जुना कर्नल उडवतो. मग मशीन सुरूच होत नाही आणि परतीची वाटही उरत नाही.

म्हणून आधी चुकीचा संदेश नीट वाचू. अडलेला ड्रायव्हर अद्ययावत करू, नाहीतर काढू. नव्या कर्नलवर मशीन सुरू करून पाहू. मगच जुन्याने खांदा सोडायचा.