नववीची वाट कोण दाखवणार?

मुलाने पुढे काय व्हावे हा प्रश्न आपण घरगुती मानतो. सरकारने तो हाती घेतला तो सुशिक्षितांच्या बेकारीमुळे, आणि त्यातले महत्त्वाचे टप्पे लखनौच्या आसपास घडले.

शाळेच्या वरच्या वर्गांत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाकडे आणि दुसरी व्यापार-उदीमाकडे, असे 1882 च्या हंटर आयोगाने सुचवले होते. पण कारकुनीची नोकरी मॅट्रिकवर मिळत असे, त्यामुळे दुसरी वाट ओसच राहिली. पुढे पदवीधरही रिकामे बसू लागले, तेव्हा संयुक्त प्रांताच्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या, सरकारने 1934 मध्ये तेजबहादूर सप्रू यांची समिती नेमली. माध्यमिक शाळेत निरनिराळे अभ्यासक्रम हवेत आणि त्यांतला एकच विद्यापीठाकडे नेणारा असावा, असा तिचा निष्कर्ष होता.

त्याआधीच लखनौत एका मराठी माणसाने स्वतंत्र वाट बांधायला घेतली होती. विष्णू नारायण भातखंडे यांनी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या साथीने 1926 मध्ये मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय उभे केले. घराण्यात जन्म नाही, उस्तादाची मर्जी नाही, अशा मुलालाही इयत्ता, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या आधारे गायन-वादनात शिरता येऊ लागले. श्रीकृष्ण रातंजनकरांनी प्राचार्य म्हणून ते काम पुढे वर्षानुवर्षे वाढवले. 'करिअर' हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे, पण गुणी मुलाला पायरी दाखवणे म्हणजे दुसरे काय?

शालेय पातळीवर हे काम आचार्य नरेंद्र देवांच्या 1939 च्या समितीने मांडले. 1947 मध्ये ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि 1948 मध्ये प्रांतातल्या उच्च माध्यमिक शाळांत साहित्यिक, वैज्ञानिक, रचनात्मक व कलात्मक असे चार गट सुरू झाले. चार वाटा म्हटल्यावर कोणते मूल कुठे जाईल हे ठरवणारेही कुणी हवे. त्यासाठी 1947 मध्येच अलाहाबादला मनोविज्ञानशाला निघाली होती. पुढे लखनौसह काही शहरांत तिची केंद्रे झाली आणि बुद्धी, कल व आवड यांच्या चाचण्या सुरू झाल्या. मुंबई सरकारनेही 1950 मध्ये व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली. बोस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये सुरू केलेल्या कामाला आपल्याकडे असे रूप आले.

गाडे अडले ते इथे. गट शाळाशाळांत पोचले, समुपदेशक मात्र मोजक्या शहरांतच राहिले. मग हुशार मुलगा विज्ञानाला आणि उरलेला बाकीच्या गटांना, ही उतरंड आपोआप पक्की झाली. मुदलियार आयोगाने 1953 मध्ये बहुउद्देशीय शाळा आणि मार्गदर्शन अधिकारी सुचवले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कामाची ओळख आणि दप्तराविना दहा दिवस सुचवले. महाराष्ट्राने 2016 पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली, तर उत्तर प्रदेशाने 'पंख' हे पोर्टल काढले.

पोर्टल हजार व्यवसायांची माहिती देईल. पण बापाचा कारखाना बंद पडलेल्या, घरातून लवकर कमवायची घाई असलेल्या मुलीशी तासभर बोलायला माणूसच लागतो. म्हणून पालकांनी शाळेच्या सभेत एवढे तरी विचारावे: आमच्या मुलांशी बोलणारा प्रशिक्षित समुपदेशक कुठे आहे, आणि तो नववीच्या आधी भेटेल का?